नवे कॉम्बो कार्ड दिसले की हात खिशाकडे का जातो?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाच्या ‘कमांडर’ प्रकारासाठी आपण काळ्या रंगाचा डेक, म्हणजे कार्डांची गड्डी, बांधला आहे आणि त्यात एक्स्क्विझिट ब्लड, सँग्विन बाँड आणि व्हिटो ही तीन कार्डे आधीपासून आहेत. ब्लडथर्स्टी कॉन्करर हे कार्ड त्यांच्यात चपखल बसते असे दिसल्यापासून ते घ्यावे की नाही, यावर आपले मन ठरत नाही. प्रश्नाच्या शेवटी आपण जवळजवळ ओशाळून एक वाक्य जोडले आहे: प्रत्येक नव्या सेटमधले, म्हणजे एकत्र प्रसिद्ध होणाऱ्या नव्या कार्डांच्या संचातले, असे एखादे कार्ड आपण घेता, तीन-चार आठवडे त्याने खेळता आणि मग ते डबीत पडून राहते. माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. कॉन्करर घ्यावे की नाही याचे उत्तर मी देईनच, परंतु ते उत्तर पुढच्या सेटलाही उपयोगी पडावे असे वाटत असेल, तर आधी या ओढीकडे पाहावे लागेल.

मी मॅजिक बारा-तेरा वर्षे खेळतो आहे आणि गेली काही वर्षे पुण्यात मित्रांचे एक साप्ताहिक टेबल चालवतो. माझे अनुभव मुख्यतः चार जणांच्या कमांडर खेळातले आहेत. आपला गट स्पर्धात्मक खेळत असेल तर पुढच्यापैकी काही गोष्टी बदलतील. जिथे बदलतील तिथे मी तसे सांगेन.

कॉम्बो कार्डाची, म्हणजे दुसऱ्या कार्डाशी जुळून सामना संपवू शकणाऱ्या कार्डाची, मोहिनी कुठून येते हे समजण्यासाठी एक साधा हिशेब करून पाहा. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ बाजारात आला, तेव्हापासून आजवर पंचवीस हजारांहून अधिक वेगवेगळी कार्डे छापली गेली आहेत. एका नव्या सेटमध्ये अडीचशे नवी कार्डे आली असे धरले, तर नवे-जुने अशा जोड्याच साठ लाखांच्या वर जातात. त्यांतल्या बहुतेक निरर्थक असतात, पण दोन-चार अशा निघतात की ज्यांची कल्पना ती कार्डे रचणाऱ्यांनीही केलेली नसते. डेमॉनिक कन्सल्टेशन हे कार्ड १९९५ चे आहे. डेकमध्ये नसलेल्या कार्डाचे नाव घेतले की ते आपली सगळी लायब्ररी, म्हणजे अजून न काढलेल्या कार्डांची गड्डी, हद्दपार करून खेळाबाहेर टाकते, म्हणजे एरवी हा सरळ आत्मघात आहे. २०२० मध्ये थासाज ऑरॅकल आले. ते टेबलावर येते तेव्हा आपल्या लायब्ररीत पुरेशी कमी कार्डे उरलेली असतील, तर आपण खेळ जिंकतो. पंचवीस वर्षांच्या अंतराने छापलेली ही दोन कार्डे एकत्र आली की अवघ्या तीन मानांत, म्हणजे कार्डे खेळण्यासाठी खर्च होणाऱ्या शक्तीच्या तीन एककांत, सामना संपतो. जुन्या वहीत जपलेल्या किल्लीचे कुलूप अचानक सापडावे, तसा हा आनंद असतो, आणि तो मी खोटा किंवा पोरकट मानत नाही. खेळाचे मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्ये खेळाडूंचे टिमी, जॉनी आणि स्पाइक असे तीन स्वभाव मांडले. त्यांतला जॉनी तो, ज्याला जिंकण्यापेक्षा आपल्या पद्धतीने जिंकण्यात रस असतो. आपल्या प्रश्नावरून आपण बऱ्याच अंशी जॉनी दिसता. मीही आहे.

अडचण अशी की हा आनंद शोधाचा आहे, आणि शोध एकदाच लागतो. कार्ड पाहिले, जुळणी लक्षात आली, मित्राला संदेश पाठवला, इथवर कार्डाच्या खऱ्या सुखाचा मोठा भाग उपभोगून झालेला असतो, आणि तोही फुकट. पैसे आपण नंतर मोजतो, आणि त्या पैशांत मिळते ती पुनरावृत्ती. म्हणून तीन-चार आठवड्यांत कंटाळा येणे हा आपल्या चंचलपणाचा पुरावा नाही. शोधाचा भर ओसरल्यावर कार्डात खेळण्यासारखे काही उरते का, हे खरेदीपूर्वी पाहिले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

माझे स्वतःचे उदाहरण सांगतो. सप्टेंबर २०१६ मध्ये कलादेश सेट आला आणि त्यात साहीली राय हे तीन मानांचे प्लेन्सवॉकर, म्हणजे टर्नला आपली एक शक्ती वापरू देणारे पात्र, होते. कलादेश हे नाव आणि त्या सेटचा भारतीय तोंडवळा यांमुळे आमच्याकडे त्याचे कौतुक जरा जास्तच झाले. पुढे जानेवारी २०१७ मध्ये फेलिडार गार्डियन नावाचे चार मानांचे मांजर आले. साहीली त्या मांजराची प्रत काढते, ती प्रत आल्या आल्या साहीलीला क्षणभर हद्दपार करून परत आणते, परतलेली साहीली ताजी असल्याने पुन्हा प्रत काढते, आणि प्रत्येक प्रतीला लगेच हल्ला करता येतो. तिसऱ्या टर्नला साहीली, चौथ्या टर्नला मांजर, आणि खेळ खलास. (नियमांच्या दृष्टीने ‘अनंत’ असे काही नसते; फेरा कितीदा फिरवणार याचा आकडा सांगावा लागतो. आमच्याकडे एक जण दर वेळी ‘एक लाख एक’ असे सांगत असे, जणू देवळात देणगी देतो आहे.) मी दोन्ही कार्डांच्या चार-चार प्रती घेतल्या. एप्रिल २०१७ मध्ये ठरलेल्या दिवशी बॅनची यादी जाहीर झाली, तिच्यात गार्डियन नव्हते, आणि दोनच दिवसांनी पुरवणी घोषणा करून ते स्टँडर्डमधून, म्हणजे फक्त अलीकडच्या सेटांच्या खेळप्रकारातून, बॅन करण्यात आले. माझ्या चार साहीली तेव्हापासून डबीत आहेत. बॅनला मी दोष देत नाही. मांजर नसेल तर साहीलीचे काय करायचे, हा प्रश्न खरेदी करताना मी स्वतःला विचारलाच नव्हता.

तोच प्रश्न आता मी प्रत्येक कॉम्बो कार्डाला विचारतो: जोडीदार हातात नसताना हे कार्ड काय करते? हा निकष मी स्प्लिंटर ट्विनच्या डेककडून शिकलो. ट्विन हे २०१० चे चार मानांचे ऑरा, म्हणजे दुसऱ्या कार्डावर चढवायचे कार्ड. ते डिसीव्हर एक्झार्क या क्रीचरवर, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डावर, चढवले की एक्झार्क स्वतःच्या प्रती काढत राहतो, कारण प्रत्येक नवी प्रत मूळ एक्झार्कला पुन्हा अनटॅप, म्हणजे वापरायला मोकळा, करते. मॉडर्न या खेळप्रकारात हा डेक वर्षानुवर्षे अव्वल होता आणि जानेवारी २०१६ मध्ये ट्विन बॅन झाले. ते पुन्हा खुले व्हायला डिसेंबर २०२४ उजाडले. त्या डेकविरुद्ध बसलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की निम्म्याहून अधिक वेळा आपण कॉम्बोने हरलोच नाही. तिसऱ्या टर्ननंतर समोरच्याने पूर्ण माना खर्च केल्या तर तो मरू शकत होता, म्हणून तो दोन-तीन माना राखून ठेवी, त्यामुळे त्याचा खेळ मंदावे, आणि तेवढ्या अवधीत ट्विनवाला लाइटनिंग बोल्ट आणि छोट्या क्रीचरांच्या बळावर साध्या मार्गाने जिंके. कॉम्बोचा धाकच तिथे कामाला येत होता. शिवाय एक्झार्कची टफनेस, म्हणजे मार सोसण्याची ताकद, चार असल्याने बोल्टच्या तीन डॅमेजने तो मरत नसे, आणि एक्झार्क न मिळाल्यास त्याच्या जागी पेस्टरमाइट चाले. एकट्याने उपयोगी पडणे, सहजी न मरणे आणि बदली कार्ड उपलब्ध असणे हे तिन्ही गुण त्या डेकमध्ये एकत्र आले होते.

यांतल्या बदली कार्डाच्या मुद्द्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि आपल्या प्रश्नाला तोच सर्वाधिक लागू आहे. कमांडरमध्ये सेनापती, म्हणजे डेकचे मुख्य कार्ड, वगळता नव्व्याण्णव कार्डे असतात आणि बेसिक लँड, म्हणजे माना देणारी मूळ जमीन-कार्डे, सोडून प्रत्येकाची एकच प्रत चालते. सुरुवातीची सात आणि पुढची आठ, अशी पंधरा कार्डे आपण आठव्या टर्नपर्यंत पाहता असे धरू. ठरावीक दोन कार्डे त्या पंधरांत एकत्र येण्याची शक्यता सुमारे दोन टक्के आहे. म्हणजे दर आठवड्याला एक सामना खेळलात, तर वर्षातून जेमतेम एकदा. आता आपला डेक घ्या. शत्रूने आयुष्य, म्हणजे संपले की खेळाडू हरतो ते गुण, गमावले की आपल्याला तेवढेच मिळवून देणारे कार्ड आपल्याकडे एकच आहे, एक्स्क्विझिट ब्लड. आपण आयुष्य मिळवले की शत्रूचे कमी करणारी कार्डे दोन आहेत, सँग्विन बाँड आणि व्हिटो. दोन्ही बाजूंचे एकेक कार्ड टेबलावर आले की ती एकमेकांना चालवत राहतात आणि शत्रू संपेपर्यंत फेरा फिरतो. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन, असे असताना जुळणीची शक्यता साधारण चार टक्के येते. कॉन्करर घेतले की दोनास दोन होतात आणि शक्यता साडेसात टक्क्यांवर जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

पण इथेच थांबू नका. कॉन्करर न घेता आपण दुसऱ्या बाजूला तीन कार्डे वाढवली, उदाहरणार्थ एन्ड्युरिंग टेनॅसिटी, मरॉडिंग ब्लाइट-प्रीस्ट आणि स्टारस्केप क्लेरिक, तर एकास पाच अशी स्थिती होऊन शक्यता आठ टक्क्यांच्या किंचित वर जाते. म्हणजे ज्या मिथिक, म्हणजे अतिदुर्मीळ, कार्डासाठी आपली झोप उडाली आहे त्याच्याइतकाच, किंबहुना थोडा जास्त, फरक ही तीन साधी कार्डे करतात, आणि त्यांतले ब्लाइट-प्रीस्ट तर कॉमन, म्हणजे सहज मिळणारे, आहे. दोन्ही केलेत तर दोनास पाच होऊन शक्यता पंधरा टक्क्यांच्या पुढे जाते. हे सर्व आकडे ट्यूटर, म्हणजे लायब्ररीतून हवे ते कार्ड शोधून आणणारी कार्डे, आणि जादा कार्ड-ड्रॉ धरलेले नाहीत. काळ्या रंगात ट्यूटर भरपूर असल्याने प्रत्यक्षात आपली शक्यता यापेक्षा बरीच जास्त असेल, तेव्हा या आकड्यांकडे ढोबळ तुलना म्हणून पाहा. नवे कार्ड किती ताकदवान आहे यापेक्षा ते कोणत्या बाजूला बसते आणि त्या बाजूला आपल्याकडे आधी किती कार्डे आहेत, हे मी आधी पाहतो. आपल्याकडे टंचाई ब्लडच्या बाजूला आहे आणि कॉन्करर नेमके तिथे बसते, ही त्याच्या बाजूची पहिली भक्कम गोष्ट.

दुसरी गोष्ट म्हणजे जोडीदाराविना त्याचे वागणे. एक्स्क्विझिट ब्लड पाच मानांना येते आणि स्वतः हल्ला करत नाही. मागे पडलेल्या खेळात ते टेबलावर नुसते शोभेला बसते. कॉन्करर त्याच पाच मानांत उडणारे, डेथटच असलेले (ज्याला लागेल त्या क्रीचरला मारणारे), पाच मारणारे आणि पाच सोसणारे शरीर देते. त्याने एकदा वार केला की पाच आयुष्य परत येते, आणि टेबलावर कोणत्याही शत्रूने कोणत्याही कारणाने आयुष्य गमावले तरी आपल्याला तेवढे मिळते. चार जणांच्या खेळात हे पुष्कळ आहे. एकही जोडीदार न मिळता आपण या कार्डाच्या जोरावर सामना फिरवू शकता, आणि माझ्या निकषावर ते बहुतेक नव्या कॉम्बो कार्डांपेक्षा वर ठरते.

उणी बाजूही सांगायला हवी. ब्लड हे एन्चँटमेंट, म्हणजे टेबलावर टिकून राहणारी जादू, आहे आणि ते काढून टाकण्याची सोय अनेक डेकमध्ये अपुरी असते. कॉन्करर हे क्रीचर असल्याने क्रीचर हटवणारे एक मानाचे स्वोर्ड्स टू प्लॉशेअर्स त्याला पुरेसे आहे. व्हिटोही क्रीचरच असल्याने सगळी क्रीचर मारणाऱ्या चार मानांच्या रॅथ ऑफ गॉडने जोडी एका फटक्यात जाईल. यासाठीच वरच्या तीन कार्डांपैकी एकच घ्यायचे झाले तर मी एन्ड्युरिंग टेनॅसिटी सुचवेन, कारण ते क्रीचर म्हणून मेले तरी एन्चँटमेंट होऊन परत येते. आणि जोडी दोन वेगळ्या टर्नांत खेळू नका, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो, तो आपल्या डेकला अर्धाच लागू आहे. व्हिटो तीन मानांचा असल्याने तो आधी उतरला तरी फारसा संशय येत नाही. कॉन्करर आधी उतरले की मात्र सगळे टेबल सावध होते.

आता टेबलाविषयी. आपण लिहिले आहे की मागच्या कॉम्बोवर मित्र ‘चिडले होते’. सगळी चीड एका प्रकारची नसते. कॉम्बो झटकन संपत असेल तर लोक हसून पुढचा डाव लावतात. लांबत गेला आणि तरीही निकाल लागला नाही, तर खरी चीड येते. याचे सर्वांत ठळक उदाहरण जून २०२४ मधले नाडू हे कार्ड. त्याच्यामुळे आपले कोणतेही क्रीचर लक्ष्य झाले की एक कार्ड उघडायचे, लँड असेल तर थेट टेबलावर, नसेल तर हातात. आणि हे प्रत्येक क्रीचरमागे टर्नला दोनदा. २००५ चे शूको हे इक्विपमेंट, म्हणजे क्रीचरला जोडायचे हत्यार, शून्य मानांत एकावरून दुसऱ्यावर हलवता येते, त्यामुळे एकोणीस वर्षे कुणी फारसे न विचारलेले हे कार्ड एकाएकी नाडूचे जोडीदार झाले. पण पुढचे कार्ड काय निघेल हे ठाऊक नसल्याने फेरा ठरावीक नव्हता. निकाल आधी सांगता येत नाही असा फेरा ‘इतक्यांदा केला’ असे म्हणून आटोपता येत नाही, प्रत्येक पायरी खेळून दाखवावी लागते. समोरचा माणूस वीस-वीस मिनिटे नुसता बघत बसे. त्याच महिन्यात ॲम्स्टरडॅमला झालेली प्रो टूर ही मोठी स्पर्धा नाडूच्याच डेकने जिंकली आणि २६ ऑगस्टला ते मॉडर्नमधून बॅन झाले. सप्टेंबरमध्ये कमांडरमधूनही गेले. त्याचे डिझायनर मायकल मेजर्स यांनी तेव्हा मोकळेपणाने लिहिले की कार्डाचा मजकूर अगदी शेवटच्या टप्प्यात बदलला होता, त्या रूपात ते खेळून पाहिले गेले नाही आणि शून्य मानांच्या लक्ष्यांचा धोका त्यांच्या नजरेतून सुटला. साठ लाख जोड्यांचा हिशेब वर केला तो यासाठीच.

या बाबतीत आपली जुळणी सभ्य आहे. एकदा फेरा सुरू झाला की निकाल ठरलेला असतो आणि अर्ध्या मिनिटात संपतो. तरीही गटाशी आधी बोलून घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून कमांडरसाठी डेकच्या ताकदीनुसार जे पाच ब्रॅकेट, म्हणजे गट, सुचवले गेले आहेत, त्यांत पहिल्या दोहोंमध्ये दोन कार्डांचे अनंत कॉम्बो अपेक्षित नाहीत आणि तिसऱ्यात ते फार लवकर येऊ नयेत अशी अपेक्षा आहे. आपला व्हिटो तीन मानांचा आणि कॉन्करर पाचचे, त्यामुळे बेताचे ट्यूटर ठेवलेत तर आपण तिसऱ्या ब्रॅकेटमध्ये निर्धास्त बसाल. ट्यूटर वाढवत नेलेत आणि जोडी फार लवकर जुळू लागली, तर तोच डेक वरच्या ब्रॅकेटमध्ये जाऊ शकतो. आपला गट स्पर्धात्मक असेल तर उत्तर उलटे आहे: तिथे आठ मानांचा कॉम्बो संथ ठरतो, तीन मानांत संपणाऱ्या ऑरॅकलपुढे त्याचा टिकाव लागत नाही, आणि मग कॉन्कररवर पैसे घालवू नयेत.

खरेदीची माझी पद्धत सांगतो. ती कुणाला कंजुषीची वाटेल. मन बसलेल्या कार्डाचे नाव मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून जुन्या लँडवर सरकवतो, गटाला तसे सांगतो आणि पाच-सहा संध्याकाळी त्या प्रॉक्सीने खेळतो. प्रत्येक वेळी ते हातात आले की वहीत एकच नोंद करतो: जोडीदार नसताना ते हातात पाहून बरे वाटले की वाईट. कॉम्बो जुळून जिंकलो त्या नोंदी मी मोजतच नाही, कारण त्या कोणत्याही कार्डाला चांगले ठरवतात. निम्म्याहून अधिक वेळा बरे वाटले तर कार्ड घेतो. या चाळणीतून माझी बहुतेक ‘अत्यावश्यक’ कार्डे खाली पडली आहेत, आणि शोधाचा आनंद मात्र मला पूर्ण मिळाला आहे. यात आणखी एक फायदा होतो. सेट येण्यापूर्वीच्या आगाऊ विक्रीत भाव बहुधा फुगलेले असतात आणि पाकिटे फुटू लागली की खाली येतात, त्यामुळे या पाच-सहा आठवड्यांत उत्साह आणि भाव दोन्ही जमिनीवर आलेले असतात. बाहेरून मागवणार असाल तर वाहतूक आणि सीमाशुल्क एकट्या कार्डावर पडू देऊ नका; चार मित्रांची मागणी एकत्र करा.

तर कॉन्कररचे उत्तर असे: आपला गट ब्रॅकेट तीनच्या आसपास खेळत असेल तर घ्या, पण आधी ब्लाइट-प्रीस्ट, क्लेरिक आणि टेनॅसिटी आणून डेकमध्ये बसवा आणि कॉन्कररची चिठ्ठी करून खेळा. त्या तीन कार्डांनीच डेक पुरेसा चालू लागला असे दिसले तर मिथिकचे पैसे वाचतील. या नव्या कार्डांसाठी जागा करताना मात्र लँडना हात लावू नका. पाच-पाच मानांची इतकी कार्डे असलेल्या डेकमध्ये मी सदतीसच्या खाली लँड जाऊ देत नाही. काढायचेच असेल तर नुसते आयुष्य वाढवणारी आणि दुसरे काही न करणारी जी तीन-चार कार्डे अशा डेकमध्ये हमखास साठतात, ती काढा. फेरा सुरू करायला कोणत्याही एका शत्रूचे एक आयुष्य जाणे पुरते, आणि तेवढे काम कॉन्कररचा एक वार करतो.